छबूताई, गोंद खरंच संपला होता का?

समस्त कळमनुरीकरांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, गेल्या तीन आठवड्यांपासून गावातला चमकीचा खप निम्म्यावर आला आहे. टिकल्यांच्या पाकिटांना उठाव नाही. सोनेरी लेस रिळावरच बसून आहे. बांगड्यांच्या दुकानदारानं तर आठवडी बाजाराच्या गर्दीत मला हाक मारून विचारलं, "मॅडम, ताई गावाला गेल्या का?" मी हो म्हणाले. भर बाजारात, एका हातात कोथिंबीर आणि दुसऱ्या हातात वांगी धरून, खरं सांगणं माझ्यानं झालं नाही.

छबूताई, ही बातमी तुझ्याबद्दल आहे आणि तुला ती आवडली असती. कोण वारलं, कधी वारलं, मागे कोण कोण आहे, असल्या मजकुरात तुला कधी रस नव्हता. तेराव्याचं पत्रक हातात आलं की तू मजकूर सोडून कागद चाचपायचीस. "कागद चांगला हाय, मागून कोरा हाय," म्हणायचीस आणि ते मशीनच्या खणात टाकायचीस. गावातल्या कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या कार्डाच्या पोटात कुणाकुणाचं तेरावं शिवलेलं आहे, हे आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. आता ते मला एकटीलाच माहीत आहे आणि मी कुणाला सांगणार नाही. तुझं स्वतःचं पत्रक आलं तेव्हा मीही आधी ते उलटून पाहिलं. मागून कोरं होतं. जपून ठेवलंय.

आपली ओळख कशी झाली, असं कुणी विचारलं तर मी सांगते, चोरीतून झाली. मी तुझ्याकडे ब्लाउज टाकायला आले होते. हातात आमच्या हेडमास्तरांच्या निरोप समारंभाचं कार्ड होतं, मी स्वतः केलेलं. पांढरा जाड कागद, कोपऱ्यात शाईनं काढलेली कडुलिंबाची एक डहाळी, बाकी सगळं मोकळं. मी चित्रकलेची शिक्षिका. ती डहाळी काढायला मला अर्धा तास लागला होता आणि बाकीची जागा मोकळी सोडायला शिकण्यात अर्धं आयुष्य गेलं होतं. तू माप घेतलंस. मी पदर सारखा करून वळते तो मशीन सुरू आणि माझं कार्ड सुईखाली.

"अहो, हे काय करताय?"

"लेस लावून राहिले."

"पण का?"

"उघडं दिसून राहिलं व्हतं बिचारं."

चारी बाजूंनी लेस लागली. खाली ब्लाउजच्या पाठीला लावायची दोन लटकनंही आली. मी रडकुंडीला आले होते. ते कार्ड तसंच दिलं, कारण दुसरं करायला वेळ नव्हता. हेडमास्तरांना त्या दिवशी अठ्ठावीस शाली आणि कितीतरी नारळ मिळाले. त्यांनी घरी नेताना हातात धरलं ते फक्त तुझं कार्ड, आणि दुसऱ्या दिवसापासून ती लटकनं त्यांच्या स्कूटरच्या आरशाला लटकत होती. मला फार राग आला होता. पुढच्या आठवड्यात मी दुसरा ब्लाउज टाकायला आले. त्याची गरज नव्हती.

तुझा गोंदावर विश्वास नव्हता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोंद सुटतो, टाका सुटत नाही, हे तुझं म्हणणं. त्यामुळे मणी असो, आरसा असो, जरीचा तुकडा असो, तू तो कार्डावर शिवायचीस. कागदानं सुई बोथट होते, म्हणून कार्डांची सुई वेगळी, तिला कायम लाल दोरा ओवलेला. ती सुई कुणी कापडाला लावली तर तू नवऱ्याला, दाजींनासुद्धा, सोडायची नाहीस. माझं म्हणणं, कार्ड डोळ्यांनी बघायचं असतं. तुझं म्हणणं, "बघून काय व्हतं? हात फिरवला तर कळलं पायजे, कोनीतरी आपल्यासाठी बसलं व्हतं." यावर मी हरले असं कधी म्हणाले नाही, हे नोंदवून ठेवते.

मग मी गोल काढायला लागले. आठवतं ना? तू शिवायला बसण्याआधी मी तुझ्या कार्डावर शिसपेन्सिलीनं एक हलका गोल काढून द्यायचे. त्याचा अर्थ ठरलेला होता. ह्या गोलात काही लावायचं नाही, डोळ्याला टेकायला तेवढी जागा ठेवायची. आणि तू बरोबर त्याच गोलात डब्यातला सगळ्यात मोठा कुंदन बसवायचीस.

"मास्तरणी, ताटात वाटी मांडतेस अन् वरून म्हनतेस वरण वाढू नको. हे काय जेवायला बसवनं झालं का?"

असा एक गोल तू मोकळा सोडला नाहीस. एकही नाही. मी दर वेळी काढत राहिले, तू दर वेळी भरत राहिलीस, आणि आपली संक्रांत दर वर्षी अशीच व्हायची. हळदीकुंकवाला बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे, चाळण्या, वाट्या लुटायच्या. "डबा कोनाच्याबी घरात असतो," असं म्हणून तू वाण म्हणून कार्ड लुटायचीस. पहिल्या वर्षी बायकांना कळेना, हे घेऊन करायचं काय. तिसऱ्या वर्षी त्या आधीच सांगून ठेवायला लागल्या, मला मोराचं दे, मला आरशाचं.

आता त्या संक्रांतीबद्दल. इथवर आले आणि हे टाळून पुढे गेले तर तू वरून टेप फेकून मारशील.

अकरा वर्षांपूर्वी मी एकदाच जिंकले. तुला माझी दया आली असेल किंवा तुझी पाठ दुखत असेल, पण त्या वर्षीची कार्डं माझ्या मनासारखी झाली. संक्रांत, म्हणून काळा कागद. त्यावर हलव्याचे पांढरे काटेरी दाणे, एका ओळीत, अगदी मोजके. चमकी नाही, लेस नाही. मोत्यांसारखे दिसत होते ते दाणे. हलव्याला टाका घालता येत नाही, म्हणून तू नाक मुरडत गोंदाची बाटली काढलीस. सगळी कार्डं झाल्यावर तू ती ओळीनं मांडलीस, कमरेवर हात ठेवून पाहिलीस आणि म्हणालीस, "दुकान बंद करून गेल्यावानी दिसून राहिलं."

गावातली कार्डं लेकरांनी दुपारपर्यंत चाटून साफ केली. ज्यांच्या घरी लेकरं नव्हती तिथे मुंग्या आल्या. काळ्या कागदावर गोंदाचे ठिपके तेवढे उरले. बायका हसल्या, आपण हसलो, विषय संपला असता. पण एक कार्ड डोंगरकड्याला गेलं होतं.

डोंगरकड्याची गयाबाई, तुझी थोरली जाऊ. लग्नात तुला हाताला धरून उंबरा ओलांडायला लावणारी, आणि तुला मशीन शिकायला पाठवा म्हणून घरातल्या पुरुषांशी भांडलेली. तिला तुझं कार्ड इतकं मोलाचं वाटलं, की तिनं ते भिंतीवर लावलं नाही, लेकरांच्या हाती लागू दिलं नाही. लाकडी पेटी उघडून स्वतःच्या लग्नातल्या डाळिंबी शालूच्या घडीत ठेवलं. पेटीच्या कोपऱ्याला फट होती. उंदीर साखरेसाठी आला, हलवा खाल्ला, कार्ड खाल्लं, आणि मग हातासरशी शालूचा तळहाताएवढा काठही.

ती एसटीनं आली. शालू पिशवीतून काढून तिनं तुझ्या मशीनवर टाकला. मी तिथेच होते. स्टुलावर, हातात चहाचा कप.

"हे हलव्याचं कोनाच्या डोक्यातून निघालं?" तिनं विचारलं.

तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "माझ्याच."

"तुझ्या?"

"व्हय. माझ्याच."

"बरं," ती म्हणाली. शालू तिथेच टाकून निघून गेली, आणि पुन्हा तुझ्याशी बोलली नाही.

आणि मी चहा प्यायले, छबूताई. तोंड भाजत होतं तरी प्यायले, कारण तोंडात चहा असला की बोलावं लागत नाही. मी शाळेच्या गॅदरिंगला नाटकं बसवणारी बाई, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवते, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून तीन शब्द निघाले नाहीत. माझी कल्पना होती. एवढेच तीन.

नंतर मी डोंगरकड्याला जायचं म्हटलं तर तू म्हणालीस, "गप बस. तू गेलीस तर ती म्हनंल, छबीनं वकील पाठवला." मग ते आपल्यात चेष्टेचं झालं. वादात हरायला आलीस की तू हळूच विचारायचीस, "सांगू का डोंगरकड्याला?" आणि मी मुकाट्यानं सुईत दोरा ओवायचे. अकरा वर्षं तू मला त्यावरून छळलंस आणि अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाहीस. दोन्हीबद्दल आभार मानायचे राहून गेले.

तू गेलीस त्या दिवशी गयाबाई आली होती. ओसरीच्या टोकाला बसली. कुणाच्या गळ्यात पडली नाही. निघताना कुणीतरी चहा दिला तर नको म्हणाली, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाली असं मला वाटलं.

परवा दाजींनी बोलावलं. "तुमच्या दोघींचा पसारा हाय तो. माझ्यानं बघवत न्हाई. काय ठेवायचं, काय टाकायचं, तुमीच ठरवा." मी तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. टिकल्या, मणी, आरसे, कुणाच्या तरी पैंजणातून पडलेले घुंगरू. तळाशी एक कार्ड होतं. त्याला तू काठ लावला होतास जरीचा, डाळिंबी रेशमावरचा. त्याची एक कड सरळ आणि दुसरी कुरतडलेली. उंदराच्या दातांची ती नक्षी तू कापून सरळ केली नव्हतीस. उलट एकेका दाताभोवती बारीक टाका घालून ती अशी धरली होतीस, की लांबून पाहणाऱ्याला महागातली लेस वाटावी. आत एकच शब्द लिहिला होता, जाऊबाईस. आणि वर मधोमध शिसपेन्सिलीचा एक गोल. रिकामा.

मग मी कपाट उघडलं. सगळ्यात खाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला शालू. कुरतडलेली कड कापून काढून, त्याच शालूच्या आतल्या टोकाचे धागे उसवून तू ते तळहाताएवढं भोक रफू केलं होतंस. मी शालू खिडकीत धरला, उलटा केला, तिरका केला, तेव्हा कुठे जागा सापडली. हे काम तू कधी केलंस? रोज तर मी येत होते. मी शाळेत असताना करत असशील. म्हणजे मला वाटायचं तेवढी तू माझी वाट पाहत नव्हतीस.

आधी मला रडू आलं की कार्ड अर्धवट राहिलं. गोल भरायचा राहिला. मी डब्यातून मोठा लाल कुंदन काढला, तुझ्या आवडीचा, आणि गोंदाची बाटली शोधली. ती वाळून खडखडीत झाली होती. म्हटलं, झालं, गोंद संपला म्हणून बाईचं काम अडलं. मी कुंदन गोलावर ठेवून पाहत होते आणि मला एकदम कळलं, की हा गोल मी काढलेला नाही. माझा गोल एका झटक्यात येतो, इतक्या वर्षांची सवय आहे. हा थांबत थांबत, कडेकडेनं काढलेला होता, शिवणाऱ्या हातानं आखल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा तू स्वतः गोल काढला होतास. आणि त्यात काही लावलं नव्हतंस.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "जास्त शानपना करू नको, गोंद संपला व्हता." पण ताई, तू कुंदन गोंदानं कधी लावलास? डब्याच्या झाकणाला ती लाल दोऱ्याची सुई अडकवलेली होती. ओवलेली. तयार. म्हणजे तू मुद्दाम सोडलास. इतकी वर्षं गोलाच्या बाबतीत एकदाही हरली नाहीस, आणि हरलीस ती अशी, की मला पत्ता लागू दिला नाहीस. मी कुंदन परत डब्यात टाकला. जिंकल्यासारखं वाटलं. मग ते कुणाला सांगायचं हा प्रश्न आला, आणि दाजी आत येईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

काल शालू आणि कार्ड घेऊन डोंगरकड्याची एसटी धरली. दाजींना विचारूनच. वाटेत मी भाषण पाठ केलं. सुरुवात धीरगंभीर, मध्ये क्षमायाचना, शेवटी एक हुंदका, तोही कुठे घ्यायचा ते ठरलेलं. शेजारच्या सीटवरची बाई दोनदा विचारून गेली, बरं वाटत नाही का म्हणून.

गयाबाई अंगणात हळद वाळत घालत होती. शिजवलेल्या हळदीचा वास फाटकापासून येत होता. तिनं मान वर केली.

"नमस्कार, मी छबूताईची..."

"मास्तरीण. वळखते मी. बस."

मी बसले नाही. भाषण उभ्यानं बसवलं होतं. "गयाबाई, ते काळं कार्ड..."

"तुझं व्हतं."

माझं सगळं भाषण तिथेच संपलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"काळ्या कागदावर पांढरे दानं अन् नावाला एक चमकी न्हाई. ते छबीच्या डोक्यातलं कसं आसंल? आंधळ्यालाबी कळंल."

"मग राग कशाचा होता?"

ती हळद पसरत राहिली. "मी इचारलं तिला, कोनाच्या डोक्यातून निघालं. तू चहा पिऊन राहिली व्हतीस, अन् ती माझ्या तोंडावर खोटं बोलली. घरच्या मानसाला खोटं, तुझ्यासाठी. शालूचं काय मोठं, शालू फाटतोच." मग हात थांबवून म्हणाली, "माझ्यासाठी कोनासंगं खोटं बोलली का गं ती कदी?"

मी पिशवी उघडून शालू तिच्यापुढे ठेवला.

तिनं आधी हात धुतले. पिवळेपणा गेला नाही, म्हणून पदरानं पुसले, मग पुन्हा धुतले. शालू मांडीवर घेऊन काठावरून बोटं फिरवत गेली. एकदा. दोनदा. "कुठंय ते?" तिनं सुनेला हाक मारली. "तुझे डोळे चांगले हायेत, बघ बरं." सुनेनंही पाहिलं. तिलाही सापडलं नाही. शेवटी मी बोट ठेवून दाखवलं, तेव्हा गयाबाई तिथे नखानं हलकेच खरवडून बघत राहिली, जसं तू परक्या शिंप्याचं काम बघायचीस.

मग कार्ड. तिनं ते डोळ्यांनी नाही, हातानंच वाचलं. कुरतडलेल्या काठाशी बोट थांबलं.

"हे उंदराचं हाय व्हय?"

"हो."

"अन् तिनं जपून ठेवलं?"

"अकरा वर्षं."

तिच्या पोटातून हसू आलं आणि अर्ध्यावरच दुसरं काहीतरी झालं. सून चहा टाकायला आत गेली. गयाबाईनं गोलावर बोट ठेवलं. "हितं काय लावायचं राहिलं का?"

"नाही," मी म्हणाले. "ते मोकळं सोडलंय. तिनंच."

"छबीनं? मोकळं?" तिनं कार्ड उन्हाकडे वळवून पुन्हा पाहिलं. "मंग लई इचार करून सोडलं आसंल."

चहा आला. तिनंही घेतला. मी माझा निववून प्यायले, कारण या वेळी तोंड रिकामं ठेवायचं होतं. ते तीन शब्दही म्हणून टाकले, जरी आता त्यांची कुणाला गरज नव्हती. तिनं मान हलवली आणि हातावर हळकुंड ठेवलं, दाजींसाठी म्हणून.

मग ती उठून आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. मी दारातून पाहिलं. तिनं शालू पेटीत ठेवला, वरची घडी उचलली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तुझं कार्ड त्या घडीत सरकवायला लागली. हात तिथेच थांबला. ती पेटीकडे बघत राहिली, भिंतीच्या कोपऱ्याकडे बघत राहिली, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"सूनबाई, वाणाचा एखादा झाकणाचा डबा आण गं, तो मेला अजून पेटीमागंच हाय."